झूम वाढवून रेणू दिसत नाहीत

‘१०० पट झूम’च्या जाहिराती पाहून अनेकांचा समज होतो की भिंगाची ताकद वाढवत नेली की वाटेल तितकं बारीक दिसेल. तसं होत नाही. प्रकाश हा तरंग आहे, त्यामुळे निर्दोष भिंगातूनही बिंदूची प्रतिमा पसरट ठिपकाच होते. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा मांडली. दृश्य प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जवळ असलेले दोन बिंदू एकमेकांत मिसळतात. प्रथिनाचा रेणू तर जेमतेम काही नॅनोमीटरचा!

तरीही आज सूक्ष्मदर्शकाखाली एकेका रेणूची जागा सांगता येते. त्यासाठी २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं. हेल यांची वाट वेगळी होती: दुसऱ्या लेसरने ठिपक्याच्या कडा विझवायच्या. मला मात्र बेट्झिग यांची २००६ मधली पद्धत विलक्षण सुंदर वाटते.

ठिपका रुंद असला, तरी त्याचा मध्य फार अचूक काढता येतो. रेणूकडून आलेला प्रत्येक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, हा त्याच्या जागेचा एक अंदाज. अंदाजांची सरासरी घेतली की चूक फोटॉनसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटते. ठिपक्याचं प्रमाण विचलन, म्हणजे मध्याभोवतीच्या पसरटपणाचं माप, १०० नॅनोमीटर धरा. १०० फोटॉन मिळाले, तर मध्यातली चूक १० नॅनोमीटर उरते. १०,००० मिळाले, तर १. पार्श्वभूमीचा उजेड आणि पिक्सेलचा आकार धरला की आकडे थोडे बिघडतात, पण गाभा हाच.

अट एवढीच, की त्या क्षणी शेजारचे रेणू अंधारात हवेत. म्हणून मंद प्रकाशाने मोजकेच रेणू चमकवायचे, त्यांचे मध्य टिपायचे, ते विझले की पुढचे. अशा हजारो चित्रांतले बिंदू एकत्र मांडले की नकाशा तयार होतो. ‘प्रकाशाचा नियम मोडला’ असे मथळे तेव्हा झळकले, ते चूक होते. आबेंचा ठिपका तेवढाच पसरट आहे. फक्त सगळे ठिपके एकाच वेळी उमटत नाहीत.

याच तत्त्वावरच्या पद्धतीने शाओवेई झुआंग यांच्या गटाने २०१३ मध्ये चेतापेशीच्या अक्षतंतूत (संदेश वाहून नेणाऱ्या लांब धाग्यात) ॲक्टिन या प्रथिनाची कडी, म्हणजे वलयं, पाहिली, सुमारे १९० नॅनोमीटरच्या समान अंतरावर ओळीने बसलेली. अंतर नेमकं आबेंच्या मर्यादेच्या काठावरचं, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकात ती पुसटून जात. कृत्रिम बुद्धिमत्तेने धूसर चित्र ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या साधनांबद्दल मी सावध असतो ते यामुळेच. ती आधी पाहिलेल्या चित्रांवरून अंदाज बांधतात, आणि ही कडी तोवर तशी कोणी पाहिलेलीच नव्हती.