गॅदरिंगचं गाणं आणि तमाशाची कनात : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरातल्या शाळाशाळांत एक ठरलेलं भांडण सुरू होतं. गॅदरिंगला कुठल्या वर्गानं कुठल्या गाण्यावर नाचायचं? गाणी निवडतात डान्स बसवायला बाहेरून आलेले सर, नाक मुरडतात दोन-तीन पालक, आणि मधल्या मध्ये सापडतात वर्गशिक्षिका. गेल्या वर्षी पालक-शिक्षक संघात माझं नाव होतं, म्हणून एक तालीम जवळून बघायला मिळाली. तिसरीतल्या सात मुली, हिंदी सिनेमातलं आयटम साँग, आणि मधल्या एका ओळीला कमरेवर हात ठेवून डोळा मारायचा. आक्षेप येणार हे सरांना ठाऊक होतं. ते आधीच सांगून मोकळे झाले, ‘मॅडम, दुसरं कडवं उडवलंय बघा. आता काय बी वाईट न्हाई त्यात.’

कडवं गेलं होतं, डोळा मारणं तसंच होतं. एका मुलीला ते जमत नव्हतं, दोन्ही डोळे एकदम मिटायचे. म्हणून ती एक पापणी बोटानं धरून ठेवायची. सर म्हणाले, ‘बोट लावू नको, घरी आरशात बघून सराव कर.’

मागं बसलेली एक आई म्हणाली, ‘ल्हान हाय ओ ती, तिला काय कळतंय?’ नातीला न्यायला आलेले एक आजोबा म्हणाले, ‘आमच्या वेळंला असलं काय नव्हतं.’ गाणं मुलांसाठी योग्य की अयोग्य हा वाद या दोन वाक्यांपाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथंच संपतो. त्यातलं दुसरं वाक्य कोल्हापुरात उच्चारायला तर धाडसच पाहिजे.

कारण ‘असलं’ इथं भरपूर होतं. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांनी ज्या शृंगारिक लावण्या लिहिल्या, त्यातल्या काहींपुढं आजचं आयटम साँग अगदी सोवळं वाटावं. शिवाय हे शाहीर नुसते चावट नव्हते. पहाटे घरोघरी लागणारी ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आणि रात्रीच्या फडात गायच्या शृंगारिक लावण्या या दोन्ही होनाजीच्याच नावावर आहेत. लोकांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण प्रत्येक गाण्याला वेळ आणि जागा नेमून दिलेली होती. भूपाळी घरात, लावणी फडात. शिमग्याला बोंब मारताना पोरंटोरं जे ओरडत, ते दुसऱ्या दिवशी ओरडलं तर थोबाडीत बसे.

जत्रेतल्या तमाशाला कनात लागायची. पोरं कनातीखालून डोकं घालून आत बघायचीच. गावाकडच्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा, डोळे चमकतात. मुलांना अडवण्यात कनात काही फार कामाची नव्हती. पण आतलं अजून आपल्यासाठी नाही, एवढं तिनं पोराला न बोलता सांगितलेलं असायचं. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्या कापडाच्या जागी दुसरं काहीतरी उभं करण्याचा आहे.

सरकारनं आधी कायदा उभा केला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम २९४ मध्ये सार्वजनिक जागी अश्लील गाणं गाणं हा गुन्हा होता, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९६ म्हणून आलं आहे. पण अश्लील म्हणजे काय? १८६८ मधल्या इंग्लंडच्या हिक्लिन खटल्यानं कसोटी दिली : ज्यांची मनं असल्या गोष्टींना सहज बळी पडतील, त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का? म्हणजे मोजायची पट्टी सर्वांत कच्च्या मनाची. पोराला चालत नाही ते मोठ्यांनाही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात हीच पट्टी उचलली.

त्याआधी, स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं मुंबई प्रांतात तमाशावरच बंदी आणली होती. (कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, मुंबई राज्यात ते १ मार्च १९४९ ला आलं.) पुढं बंदी उठली ती संहिता आधी तपासून घ्यायच्या अटीवर. मग आले बाळकृष्ण केसकर, १९५२ ते १९६२ केंद्रात नभोवाणीमंत्री. सिनेमातल्या गाण्यांनी पिढी बिघडते असं त्यांचं ठाम मत, त्यामुळं आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. तिथं सिनेगाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली तीही १९५२ मध्येच. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

इकडं कोल्हापुरात लावणी केव्हाच कनातीबाहेर पडून पडद्यावर पोचली होती. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा जन्म इथला, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नं तमाशापट चालतो हे दाखवून दिलं, आणि १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये सुलोचना चव्हाण यांच्या आवाजात कोल्हापूरची ‘लवंगी मिरची’ आली. मिरची लिहिणारे जगदीश खेबूडकर हे करवीर तालुक्यातल्या हळदीचे, पेशानं शिक्षक. दिवसा फळ्यापुढं उभं राहणाऱ्या माणसानंच १९६४ मध्ये ‘सोळावं वरीस धोक्याचं’ लिहिलं, आणि देवापुढं हात जोडून म्हणायचं ‘देहाची तिजोरी’ही त्याचंच. गुरुजी तमाशाच्या नादी लागतात त्या १९७२ च्या ‘पिंजरा’ची गाणीही खेबूडकर गुरुजींचीच. होनाजीचाच हा वारसा म्हणायला हरकत नाही.

सोळाव्या वर्षाच्या त्या लावणीकडं आज बघितलं तर अवघडायला होतं, हे मान्य केलं पाहिजे. गाण्यातली मुलगी आजच्या कायद्यानं बालकच. तरी ते गाणं घराघरांत वाजलं, आकाशवाणी सांगलीवर वाजलं, बायका भाकरी थापता थापता गुणगुणल्या. ते पचलं कसं? एक कारण गायिकेत असावं. सुलोचनाबाई डोक्यावरचा पदर ढळू न देता उभ्या राहून गायच्या. ठसका होता तो आवाजात. ऐकणाऱ्या पोरीनं गाणं पाठ केलं तरी तिनं ते अंगानं करून दाखवावं, असं कुणी तिला सांगत नव्हतं.

मग दादा कोंडके. भालजींच्या ‘तांबडी माती’तून पडद्यावर आलेल्या या माणसानं दुहेरी अर्थाची कलाच केली. त्यांच्या गाण्यांचा पहिला अर्थ इतका साधा असतो की लहान मुलं तेवढाच घेतात. ‘ढगाला लागली कळ’ हे पावसाचं गाणं म्हणून बालवाडीत बसवलेलं मी स्वतः पाहिलंय. पुढच्या रांगेतले वडील रुमालात तोंड लपवून हसत होते, पोरं छत्र्या फिरवत होती. कुणाचं काय बिघडलं? मला तरी सांगता येणार नाही.

न्यायालयंही हळूहळू हिक्लिनच्या त्या कच्च्या मनाच्या पट्टीपासून दूर सरकली, आणि त्यात एका मराठी गोष्टीचा वाटा आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला, उच्च न्यायालयानं त्यांना दोषी धरलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुटका करताना म्हटलं त्याचा आशय असा : कामविषयाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता असं धरलं, तर किशोरवयीनांना कादंबरी वाचताच येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात हिक्लिन कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापानं मोजायचं ठरलं. ते बरंच झालं. पण मोठ्यांना मोकळीक देताना मुलांसाठी वेगळी पट्टी कुठली, हा प्रश्न त्यानं सुटला नाही.

गाण्यावर चिठ्ठी लावायची कल्पना अमेरिकेतून आली. १९८४ मध्ये अमेरिकी राजकारणी अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा ‘पर्पल रेन’ अल्बम घरी आणला. त्यातल्या एका गाण्याचे शब्द ऐकून आई हादरली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या वजनदार घरांतल्या बायकांनी मिळून संस्था काढली, आक्षेपार्ह पंधरा गाण्यांची यादी केली, आणि १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटच्या समितीपुढं सुनावणी झाली. तिथं डी स्नायडर या रॉक गायकानं दिलेली साक्ष मजेदार आहे. ज्या गाण्यात टिपरबाईंना विकृत शृंगार दिसला, ते आपण सोबत्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या धास्तीवर लिहिलं होतं, असं त्यानं सांगितलं. बघणाऱ्याच्या डोक्यात काय आहे यावर किती अवलंबून असतं! तरी कंपन्यांनी पालकांना इशारा देणारी चिठ्ठी मान्य केली, आणि १९९० पासून ती एकसारखी काळी-पांढरी झाली. आज गाण्याच्या ॲपवर नावाशेजारी दिसणारा छोटा ‘ई’ (‘एक्सप्लिसिट’मधला) तिचाच वंशज. तो लावायचा की नाही हे मुख्यतः गाण्याचे मालकच सांगतात, आणि तो लागतो उघड शिव्यांना, उघड वर्णनाला. दादांचा दुहेरी अर्थ त्याच्या जाळ्यातून सहज निसटतो.

आपल्याकडं तपासणी सिनेमाची झाली, गाण्याची फारशी नाही. १९९३ मध्ये ‘चोली के पीछे’ कोर्टापर्यंत गेलं, तरी सिनेमात राहिलंच. नंतर घरात केबल शिरली. मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेनंतर २००५-०६ च्या सुमारास टीव्हीवर प्रौढांसाठीच्या सिनेमांना मज्जाव झाला. २०२३ च्या दुरुस्तीनं सिनेमाला ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे वेगवेगळे दाखले आले. दाखला मात्र सिनेमाबरोबर थिएटरात राहतो. गाणं एकटंच बाहेर पडतं आणि लग्नाच्या वरातीत, मोबाईलच्या रीलमध्ये, गणपतीच्या डॉल्बीवर वाजतं. मिरवणुकीतल्या डॉल्बीवर गुन्हे दाखल होतात ते डेसिबलपायी. स्पीकरच्या भिंतीपुढं बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर कुठले शब्द ऐकतंय, हे मोजायचं यंत्र कुणाकडं नाही.

या सगळ्या नियमांत मला नेमका वाटतो तो केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं १८ जून २०१९ ला खासगी वाहिन्यांना दिलेला एक छोटा सल्ला. डान्सच्या रिॲलिटी शोमध्ये लहान मुलं सिनेमातल्या मोठ्यांसाठी बसवलेले हावभाव करतात, ते बऱ्याचदा सूचक आणि वयाला न शोभणारे असतात, ते टाळा, असं त्यात होतं. मूल काय ऐकतं यापेक्षा मुलाला काय करायला लावतात, याकडं तो बघतो. ‘तिला काय कळतंय’ म्हणणाऱ्या आईचं खरंच आहे, शब्द कळत नाहीत. पण डोळा मारल्यावर शिट्टी येते हे सात वर्षांच्या पोरीला पहिल्याच तालमीत कळतं.

त्या दिवशी वर्गशिक्षिकेनं कडव्याबद्दल काहीच न बोलता फक्त ती एक स्टेप बदलून घेतली. डोळ्याऐवजी गिरकी. सर थोडे खट्टू झाले. पोरगी खूश, पापणी धरायची कटकट गेली.

यंदा शाळेनं वेगळीच शक्कल काढली आहे. निवडलेल्या गाण्याचे सगळे शब्द कागदावर लिहून आधी कार्यालयात द्यायचे, खाली पालकाची सही. परवा एक कागद माझ्या हातात आला. गाणं पंजाबी. वडिलांनी तीन वेळा ऐकून सुवाच्य अक्षरात उतरवलेलं, मधल्या चार ओळींच्या जागी टिंबं, आणि समोर कंसात लिहिलेलं : ‘काय म्हणतोय समजत नाही, पण पोरांना पाठ आहे.’ खाली सही.