पाय थांबत नाहीत तेव्हा

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत येरझारा घालायला जागा ती किती! तिथे कुणी दारापासून मोरीपर्यंत सारख्या फेऱ्या मारू लागलं, की सगळं घर धास्तावतं. त्यात तो स्किझोफ्रेनियावर औषध घेणारा असेल, तर ‘परत सुरू झालं वाटतं’ हे वाक्य ठरलेलं.

पण कितीदा तरी ही तगमग गोळीची असते. तिला अकॅथिसिया म्हणतात. बसलं की आतून कुणी ढकलतंय असं वाटतं, उठून चाललं की घटकाभर बरं वाटतं. आजार उलटला असं समजून डोस वाढवला, तर तगमगही वाढते. मला हा सगळ्यांत क्रूर गैरसमज वाटतो. रुग्णाला नुसतं विचारावं, ‘डोक्यात गोंधळ आहे, की पाय राहत नाहीत?’

हे का होतं, याचा एक धागा परळमधून जातो. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. तिच्यातलं रेसरपीन पुढे मनोविकारांवरही वापरलं गेलं. ते घेणाऱ्या काहींचं अंग पार्किन्सनसारखं ताठ, संथ होई. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं, तेव्हा तेही निपचित पडले. मग एल-डोपा टोचताच उठून हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनतं ते याच एल-डोपापासून. हालचालीला डोपामिन लागतं, हे त्यातून उलगडलं. २०००चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

रेसरपीन डोपामिनचा साठाच रिकामा करतं. स्किझोफ्रेनियावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारखी औषधं पेशींवरची, डोपामिन किल्लीसारखं जिथे बसतं ती कुलपं अडवतात. भास-संशय निवळतात ते त्यामुळेच, पण हालचाल सांभाळणाऱ्या भागातली कुलपंही अडतात. साधारण ८० टक्क्यांच्या वर अडली, की ताठरपणा, कंप दिसू लागतात. याच आजारावरच्या क्लोझापिन या औषधात हा धोका बराच कमी.

तरुण मुलांत पहिल्या काही दिवसांतच मान वाकडी होते, डोळे वर चढतात. घरच्यांना ‘अंगात आलं’ असं वाटतं. दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते.

महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर ओठ चावल्यासारखे हलणं, जीभ वळवळणं सुरू होतं, ते मात्र चिवट. टार्डिव्ह डिस्कायनेशिया त्याचं नाव. कंपासाठी देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल इथे उपयोगाची नाही, उलट त्रास वाढवू शकते. टेट्राबेनाझिन उपयोगी पडतं, आणि ते मेंदूतल्या ज्या पंपावर काम करतं, त्याच पंपावर सर्पगंधेचं रेसरपीनही काम करायचं!

गोळी मनाने बंद करू नका. आजार खरंच उलटेल, आणि ओठांची हालचाल काही काळ वाढूही शकते. ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत जीभ नेमकी शांत बसते. म्हणून घरी, रुग्णाला विचारून, मोबाइलवर त्याचा चेहरा नि पाय मिनिटभर टिपून ठेवा आणि तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.