व्होल्टेज स्टॅबिलायझर

घरगुती वीजपुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) ठरावीक मूल्यापेक्षा कमी किंवा जास्त झाला, तरी उपकरणाला शक्यतो त्याच्या गरजेइतकाच दाब मिळावा, यासाठी पुरवठा आणि उपकरण यांच्यामध्ये बसवण्यात येणारे साधन. तांत्रिक लेखनात त्याला विद्युत् दाब स्थिरक असेही म्हणता येते. बोलण्यात मात्र स्टॅबिलायझर हाच शब्द रूढ आहे. हे साधन वीज निर्माण करत नाही आणि साठवतही नाही. तारेतून आलेल्या विजेतील दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण तेवढे ते बदलते, आणि त्याचे बहुतेक गुण व मर्यादा या एकाच गोष्टीतून निघतात.

जगाच्या मोठ्या भागात घरगुती पुरवठ्याचा नाममात्र दाब २३० व्होल्ट असतो. उत्तर अमेरिकेत तो १२० व्होल्ट आहे. वितरण रोहित्राजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) हा आकडा जितका खरा असतो, तितका त्यापासून निघणाऱ्या वीजतारांच्या ओळीच्या शेवटच्या घरात तो नसतो. रोहित्रापासून घरापर्यंतच्या तारांना थोडा का होईना रोध असतो आणि प्रवाह वाढेल तसा त्या रोधापायी जास्त दाब वाटेतच खर्ची पडतो. जाणाऱ्या व येणाऱ्या तारांचा मिळून रोध अर्धा ओहम असेल आणि त्यांतून ४० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर २० व्होल्ट तारांतच उतरतात. संध्याकाळी सगळ्या घरांतील उपकरणे एकदम चालू झाली की शेवटच्या घरातला दिवा मंद होतो, तो यामुळेच. उलट मध्यरात्रीनंतर भार हलका झाला की दाब चढतो, आणि संध्याकाळची घट भरून निघावी म्हणून रोहित्राचा टॅप (गुंडाळीवरचा जोडणीचा बिंदू; तो बदलला की बाहेर पडणारा दाब बदलतो) मुद्दाम वरच्या पायरीवर ठेवलेला असेल, तर तो नाममात्र मूल्याच्याही पुढे जातो. तीन फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांच्या, ओळीत न्यूट्रल (त्यांची सामाईक परतीची तार) तुटणे हा प्रकार निराळा आणि अधिक घातक आहे. अशा वेळी दोन वेगवेगळ्या फेजवरची घरे एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत दाब ३०० व्होल्टच्या वरही जाऊ शकतो.

कमी दाबाचा त्रास सर्व उपकरणांना सारखा होत नाही. पाणी तापवायच्या हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर ती सुमारे ६१ टक्के उरते. पाणी उशिरा तापते, पण हीटर बिघडत नाही. खरा धोका फ्रिज, वातानुकूलन यंत्र आणि पंप यांतील प्रवर्तन (इंडक्शन) मोटरींना असतो. मोटरीचे फिरवण्याचे बळही दाबाच्या वर्गानुसार कमी होते, त्यामुळे कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो, घुमतो, पण फिरत नाही. अडकलेल्या अवस्थेत ती मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि संरक्षक स्विचने वेळीच परिपथ तोडला नाही, तर गुंडाळी जळते.

घरगुती स्टॅबिलायझरचा गाभा म्हणजे स्वयंरोहित्र. यात दोन स्वतंत्र गुंडाळ्यांऐवजी एकच गुंडाळी असते आणि तिच्यावर ठिकठिकाणी टॅप काढलेले असतात. १७० व्होल्टचे २३० व्होल्ट करताना फक्त मधला ६० व्होल्टचा हिस्सा चुंबकीय मार्गाने द्यावा लागतो, म्हणून लोखंडी गाभा एकूण शक्तीच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचा असला तरी पुरतो. डबी लहान आणि स्वस्त राहते, ती यामुळे. मात्र आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू विजेच्या दृष्टीने अलग होत नाही. शॉकपासून संरक्षण स्टॅबिलायझर देत नाही.

सर्वांत जास्त वापरात असलेल्या प्रकारात इलेक्ट्रॉनिक परिपथ येणारा दाब मोजतो आणि रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, साहाय्याने योग्य तो टॅप जोडतो. टॅप बदलतो त्या क्षणी डबीतून ‘टक्’ असा आवाज येतो. दाब दोन पायऱ्यांच्या सीमेवर रेंगाळत असेल, तर रिले सारखा पुढे-मागे होऊ नये म्हणून चढतानाची आणि उतरतानाची मर्यादा थोडी वेगळी ठेवतात. तरीही वारंवार टकटक ऐकू येत असेल, तर रिलेचे संपर्क ठिणग्यांनी काळे पडत आहेत असे समजावे. पायऱ्या मोजक्याच असल्याने बाहेरचा दाब नेमका २३० न राहता त्याच्या आसपास काही टक्के खाली-वर होतो, आणि फ्रिजला तेवढे चालते. अधिक अचूकता हवी तिथे सर्व्हो प्रकार वापरतात. त्यात लहान मोटर कार्बन ब्रश गुंडाळीवरून सरकवते, त्यामुळे दाब जवळजवळ अखंडपणे जुळवता येतो. पण ब्रश झिजतात आणि झटकन झालेल्या बदलाला मोटर उशिरा पोचते. हलणारे भाग टाळून अर्धवाहक स्विचांनी टॅप बदलणारे प्रकारही आहेत.

आता या साधनाची फारशी बोलली न जाणारी बाजू. १००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो. दाब १७० वर आला, तर तोच हीटर आपोआप ३.२ अँपिअरवर येतो, म्हणजे दमलेल्या ओळीवरचा ताण थोडा हलका करतो. मध्ये स्टॅबिलायझर असेल तर हीटरला पूर्ण १००० वॉट मिळतात, पण ओळीतून ५.९ अँपिअर ओढले जातात, शिवाय रोहित्रातील घट वेगळी. वाढलेल्या प्रवाहाने तारांत आणखी दाब उतरतो, म्हणून स्टॅबिलायझर लावलेल्या घराची सोय होते तेव्हा ओळीतील बाकी घरांचा दाब किंचित खाली जातो. एका घराचा परिणाम नगण्य असतो. पण एकाच ओळीवर प्रत्येकाने तसे केले, तर पुढच्या पायरीचा टॅप लागतो आणि काही वेळा तोही पुरत नाही. अशा ठिकाणी उपाय डबीत नसून जाड तारांत किंवा जवळ बसवलेल्या रोहित्रात असतो.

क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये दिलेली असते. ती ठरवताना उपकरणाचा चालू स्थितीतला भार पाहून भागत नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह काही क्षण कित्येक पट वाढतो आणि दाब खालावलेला असताना स्टॅबिलायझरच्या आत येणारा प्रवाहही जास्त असतो. वीज गेल्यानंतर ती परत येताच पुरवठा लगेच जोडू नये, यासाठी काही मिनिटांचा विलंब ठेवलेला असतो. नुकत्याच थांबलेल्या कॉम्प्रेसरमधील दोन्ही बाजूंचा वायूचा दाब समान होण्यास तेवढा वेळ लागतो, आणि ही सोय पुष्कळदा विजेचा दाब सुधारण्याहून अधिक उपयोगी पडते. दाब मर्यादेबाहेर चढला तर पुरवठा तोडणे हे दुसरे आवश्यक काम होय. न्यूट्रल तुटल्याच्या प्रसंगी टॅप बदलून काहीच साधत नाही.

वीज कोसळल्याने येणारे क्षणिक उच्चदाबाचे आघात रिलेच्या गतीपेक्षा कितीतरी वेगवान असतात, त्यांच्यासाठी वेगळे आघातरोधक लागतात. मोबाइलचे बहुतेक चार्जर आणि कित्येक संगणकांचे वीजपुरवठे १०० ते २४० व्होल्टवर सारखेच चालतात, म्हणून त्यांना स्टॅबिलायझर लावण्यात अर्थ नाही. इन्व्हर्टर पद्धतीचे अनेक फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रेही विस्तृत दाबमर्यादेत चालतात. ती मर्यादा उपकरणावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत छापलेली असते आणि घरातला दाब तिच्या आत राहत असेल, तर मध्ये डबी ठेवून तिच्या रोहित्रात थोडी वीज सतत वाया घालवण्याचे कारण उरत नाही.