जे हसवतं, तेच रडवतं

1914 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या एका नाट्यगृहात विन्सर मॅके नावाचा व्यंगचित्रकार हातात चाबूक घेऊन रंगमंचावर उभा राहिला. मागच्या पडद्यावर त्यानंच चितारलेली एक डायनोसॉर होती. तिचं नाव गर्टी. मॅके हुकूम सोडायचा. गर्टी कधी ऐकायची, कधी त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही, आणि मधेच एखाद्या मॅमथला शेपटीला धरून तळ्यात भिरकावून द्यायची. प्रेक्षक खदखदून हसायचे. मग मॅके रागवायचा, आणि एवढं मोठं धूड लहान मुलीसारखं मुसमुसून रडायला लागायचं.

कुटुंबानं एकत्र बसून पाहायचे ॲनिमेशनपट एकाच दीड तासात हसवतात कसे आणि घशात आवंढा आणतात कसे, याचा माग काढायचा तर मी गर्टीपासून सुरुवात करीन. हलती चित्रं तिच्याआधीही होती. 1908 मध्ये फ्रान्समध्ये एमिल कोलनं ‘फँटास्मागोरी’ केली होती. तिच्यात एका रेषेचा माणूस होतो, माणसाची बाटली होते, बाटलीचं फूल होतं. बघताना गंमत वाटते, पण कुणासाठी जीव तुटत नाही, कारण तिथे जीव असलेलं कुणी नाहीच. गर्टीचं तसं नव्हतं. ती नुसती उभी असली तरी तिचं पोट श्वासानं वरखाली होत राहतं. मुख्य म्हणजे तिला स्वतःचं मन आहे. ती हट्टी आहे, म्हणून तिचं हसू येतं, आणि त्याच हट्टापायी ओरडा खाऊन ती रडते तेव्हा वाईट वाटतं. दोन्हींचं मूळ एकच.

याच्या थोडं आधी, 1900 मध्ये, आँरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं हास्यावरच्या पुस्तकात नेमकं उलटं मांडलं होतं. हसायचं तर हृदय क्षणभर बधिर व्हावं लागतं, ज्याची कणव येते त्याला हसता येत नाही, असं त्याचं म्हणणं. घसरून पडणाऱ्या माणसापुरतं ते पटतंही. पण पुढची शंभर वर्षं ॲनिमेशनपटांनी जे केलं ते या म्हणण्यात बसत नाही. त्यांनी आधी हसवून माणूस जवळचा केला आणि मग त्याच्याच वाट्याला दुःख दिलं.

1919 मध्ये फेलिक्स नावाचं काळं मांजर आलं. ते रंगवणाऱ्या ऑटो मेसमरनं त्याआधी चार्ली चॅप्लिनवरचे कार्टूनपट केले होते, त्यासाठी चॅप्लिनची चाल बारकाईनं अभ्यासली होती. त्यामुळे फेलिक्स हात मागे बांधून, मान खाली घालून येरझाऱ्या घालायचा. म्हणजे विचार करायचा. पडद्यावर चित्राला विचार करताना बघणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. 1928 च्या नोव्हेंबरमध्ये मिकी माउसबरोबर चित्राला सुरात बांधलेला आवाजही मिळाला. 1933 च्या तीन डुकरांच्या छोट्या फिल्मनं आणखी एक दार उघडलं. तिघं दिसायला जवळपास सारखेच होते. कोण कसा आहे हे कळायचं ते त्यांच्या वागण्या-चालण्यावरून.

डिस्नेच्या स्टुडिओत त्या सुमाराला आणखी एक बदल झाला, ज्याची फारशी वाच्यता होत नाही. वेब स्मिथनं कथेची चित्रं सुट्या कागदांवर काढून भिंतीवर ओळीनं टाचायला सुरुवात केली. हाच पुढे सगळीकडे पसरलेला स्टोरीबोर्ड. आधी गमती सुचतील तशा रचल्या जात. आता अख्खी गोष्ट एका नजरेत दिसू लागली. कुठे हशा आहे, कुठे शांतता, विसाव्या कागदावरची गंमत ऐंशीव्या कागदावर परत येते की नाही, हे उभ्या उभ्या तपासता येऊ लागलं. माझ्या मते कौटुंबिक ॲनिमेशनपट या भिंतीवर जन्मला. डॉन ग्रॅहम नावाचे चित्रकलेचे शिक्षक 1932 पासून ॲनिमेटरांना शिकवत होते. शरीराचं वजन कुठे पडतं, विचार आधी येतो की हालचाल, हे धडे तिथे गिरवले गेले.

मग 21 डिसेंबर 1937. लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’चा पहिला खेळ झाला. 83 मिनिटांची फिल्म, खर्च 15 लाख डॉलरच्या घरात. व्यवसायातले लोक तिला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणत होते. गमतीजमतींवर माणूस सात-आठ मिनिटं हसेल, पण सव्वा तास चित्रं कोण बघेल, ही शंका रास्तच होती. डिस्नेनं चांगली गंमत सुचवणाऱ्याला पाच डॉलर देऊ केले होते, त्यामुळे गमतींना तोटा नव्हता. तोटा नव्हता म्हणूनच गाळाव्याही लागल्या. वॉर्ड किंबॉलनं बुटक्यांच्या सूप पिण्याचा एक अख्खा प्रसंग महिनोन्महिने खपून केला होता. तो गेला, कारण तो गोष्ट अडवून धरत होता.

त्या फिल्ममधल्या ग्रम्पीकडे नीट बघा. हा सातांमधला तिरसट. बिल टिटलानं त्याला रंगवलं. स्नो व्हाइट सगळ्यांच्या कपाळाची पापी घेते, तशी ग्रम्पीचीही घेते. तो झटका देऊन सुटतो आणि पाय आपटत निघतो. चार पावलांवर चाल मंदावते, चेहरा विरघळतो, एक उसासा सुटतो. मग आपण पाघळलो हे ध्यानात येऊन पुन्हा कपाळाला आठ्या, आणि त्याच तोऱ्यात जाताना धडपड. सगळं थिएटर हसतं. पण त्या हशात आपल्याला एक गुपित कळलेलं असतं, की याचा जीव तिच्यावर जडलाय आणि त्याला ते कबूल करवत नाही. पुढे तिच्या निश्चल देहाभोवती सातही जण उभे राहतात तेव्हा या तिरसट माणसालाच रडू आवरत नाही, आणि बघणाऱ्यांचाही बांध फुटतो. मघाचा तो हशा झाला नसता तर हे रडणं कुणाच्या काळजाला भिडलं नसतं.

तो शोकाचा प्रसंग फ्रँक टॉमस या तरुण ॲनिमेटरकडे होता. त्याची अडचण विचित्र होती. ॲनिमेशन म्हणजे हालचाल, पण गोलमटोल नाकाचे बुटके हुंदके देत गदागदा हलले असते तर लोक हसले असते. टॉमसनं हालचाल जवळजवळ थांबवली. एखादी मान झुकते, एखादा अश्रू ओघळतो, बस. पहिल्या खेळाला आलेल्या लोकांना रडू फुटलं. हॉलिवूडची मुरलेली मंडळी होती ती, आणि रडत होती रेषांसाठी.

टिटलानंच 1941 मध्ये डम्बो हत्तीचं पिल्लू रंगवलं. नमुना म्हणून त्याच्यासमोर स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा होता. डम्बो अख्ख्या फिल्ममध्ये एक शब्द बोलत नाही. त्याचे कान इतके मोठे की तो त्यांच्यातच पाय अडकून पडतो. सर्कशीतले लोक त्याला हसतात, आणि बर्गसाँला अभिप्रेत असलेलं ते निष्ठुर हसू कसं दिसतं हे आपण पिल्लाच्या बाजूनं बघतो. त्याची आई चिडते, तिला वेडी ठरवून कोंडतात. रात्री तो भेटायला जातो तेव्हा साखळदंडामुळे ती खिडकीपर्यंतही पोचू शकत नाही. गजांतून फक्त तिची सोंड बाहेर येते आणि चाचपत चाचपत त्याला शोधते. याच सोंडेत ब्रश धरून तिनं त्याला खेळवत आंघोळ घातलेली आपण पाहिलेली असते.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बॅम्बी’त आईचा मृत्यू पडद्याबाहेर होतो. बंदुकीचा एक आवाज, मग बर्फ आणि हाका मारणारं पाडस. तिथवर कमालीचं काम आहे. पण लगेच पुढच्या क्षणाला वसंत ऋतू आणि पाखरांचं आनंदी गाणं येतं, आणि तो सांधा मला आजही टोचतो. दुःखानंतर हसू यावं हे खरं, पण ते त्याच गोष्टीतून उगवावं लागतं. तिथे ते बाहेरून आणून ठेवल्यासारखं वाटतं.

1940 आणि 1950 च्या दशकांतल्या छोट्या कार्टूनपटांना रडवायचं नव्हतंच. त्यांनी शिकवला तो वेळेचा हिशेब. पडद्यावर एका सेकंदात 24 फ्रेम जातात. कार्टूनपट करणारा चक जोन्स त्याच्या कार्टूनमधल्या, कड्यावरून पडणाऱ्या कोयोटबद्दल (कोल्ह्यासारख्या प्राण्याबद्दल) सांगायचा, की तो दिसेनासा व्हायला 18 फ्रेम आणि त्यानंतर 14 फ्रेमनी धूळ उडायला हवी. त्या 14 रिकाम्या फ्रेम म्हणजे हशाचा श्वास. तो रिकामा क्षण दुःखालाही लागतो, फक्त जास्त लांब.

हा रिकामा क्षण सगळ्यात सुंदर वापरला तो जपानमध्ये, हायाओ मियाझाकीनं. टाळ्या वाजवून दोन टाळ्यांमधली जागा दाखवत त्यानं तिला ‘मा’ हा जपानी शब्द सांगितला होता. सतत काहीतरी घडत राहिलं तर ती नुसती धावपळ होते, असं त्याचं म्हणणं. 16 एप्रिल 1988 ला त्याचा ‘माय नेबर टोटोरो’ प्रदर्शित झाला. त्यात धाकटी मेई दवाखान्यातल्या आईसाठी मक्याचं कणीस घेऊन एकटीच निघते. वाटेत एक बकरी त्या कणसाला तोंड लावायला बघते. मेई कणीस छातीशी कवटाळून तिला ठणकावते, हे आईचं आहे. केवढासा जीव आणि केवढा आवेश, हसू येतंच. मग ती हरवते, शोधाशोध होते, तळ्यात एक चप्पल सापडते आणि आपला श्वास अडकतो. शेवटी आईच्या खिडकीच्या कठड्यावर ते कणीस दिसतं. कुणी रडत नाही, कुणी काही समजावून सांगत नाही. बकरीनं ते कणीस आपल्या डोक्यात पक्कं करून ठेवलेलं असतं, एवढंच पुरतं.

मोठे डोळे आणि गोल चेहरा काढला की झालं, असा एक समज आहे. बाळाची ठेवण पाहून माया दाटते हे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कॉनराड लॉरेन्झनं 1943 मध्ये मांडलं, आणि मिकीचा चेहरा वर्षागणिक कसा बाळसेदार होत गेला हे जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्डनं 1979 मध्ये दाखवलं. ते खरं आहे, पण त्यानं फक्त नजर खिळते. 1986 मध्ये जॉन लॅसेटरनं तर चेहराच काढून टाकला. त्याच्या दोन मिनिटांच्या ‘लक्सो ज्युनिअर’मध्ये दोन टेबललॅम्प आहेत, एक मोठा, एक छोटा. छोटा चेंडूवर उड्या मारतो, चेंडू फुटतो, तो मान खाली घालतो. डॅलसच्या संगणक-चित्र परिषदेत ती दाखवल्यावर जिम ब्लिन हा नामांकित तज्ज्ञ लॅसेटरकडे आला. आता सावल्यांच्या गणिताबद्दल विचारणार, असं लॅसेटरला वाटलं. ब्लिननं विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा?

त्याच मंडळींनी पुढे पूर्ण लांबीची पहिली संगणकीय फिल्म केली, 1995 ची ‘टॉय स्टोरी’. पण त्याआधी 19 नोव्हेंबर 1993 ला डिस्नेच्या लोकांना दाखवलेला कच्चा खर्डा पार कोसळला होता. त्यात वूडी हा खेळण्यांचा म्होरक्या इतरांना टाकून बोलणारा, त्यांच्या जिवावर विनोद करणारा होता. काम थांबलं, गोष्ट पुन्हा लिहिली गेली. नव्या वूडीचा हेवा तसाच राहिला, पण तो हेवा मालकाच्या प्रेमाला मुकण्याच्या भीतीतून येतो हे दिसू लागलं. मग त्याचं वागणं हास्यास्पदही झालं आणि समजण्यासारखंही.

2001 च्या ‘श्रेक’नंतर, ज्याला पहिलं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, मुलांच्या डोक्यावरून मोठ्यांकडे टाकलेल्या कोट्यांची लाट आली. थिएटरात दोन पिढ्या वेगवेगळ्या वेळी हसू लागल्या. त्या कोट्या लवकर शिळ्या होतात. एकाच गोष्टीवर आजी आणि नात एकाच वेळी हसतात ती गोष्ट टिकते.

2009 चा ‘अप’ कान महोत्सवाची सुरुवात करणारा पहिला ॲनिमेशनपट ठरला. त्यात हात मोडून अंथरुणावर पडलेल्या छोट्या कार्लच्या खोलीत रात्री खिडकीतून एक फुगा तरंगत येतो, मागून एली घुसते आणि त्याची घाबरगुंडी उडते. हा हशा. मग चारेक मिनिटांत, एकाही संवादाविना, त्यांचा अख्खा संसार. शेवटाकडे दवाखान्याच्या खोलीत पुन्हा एक फुगा तरंगत येतो. या वेळी अंथरुणावर एली आहे, आणि दारात म्हातारा कार्ल. टेकडीचंही तसंच. आधी एली पळत वर जाते आणि कार्ल धापा टाकत मागे असतो. नंतर वर कार्ल असतो, आणि एली मागे कोसळते.

‘अप’ करणाऱ्या पीट डॉक्टरनंच 2015 चा ‘इनसाइड आउट’ केला. एका मुलीच्या डोक्यातल्या भावना हीच त्यातली पात्रं. सुरुवातीच्या खर्ड्यात आनंदाबरोबर प्रवासाला भीती निघाली होती. त्यात विनोद भरपूर होते, पण गोष्ट कुठे पोचत नव्हती. बरीच वर्षं काम झाल्यावर डॉक्टरनं भीतीच्या जागी दुःखाला आणलं आणि सगळी फिल्म नव्यानं बांधली.

त्यात बिंग बाँग आहे, त्या मुलीचा लहानपणीचा काल्पनिक मित्र. गुलाबी, थोडा हत्ती, थोडं मांजर, रडला की डोळ्यांतून गोळ्या-चॉकलेटं पडतात. त्याच्याकडे एक गाडी आहे, जी गाणं म्हटलं की उडते. गाणं अगदी बाळबोध आहे आणि पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. पुढे तो आणि आनंद विस्मृतीच्या दरीत पडतात. त्याच गाडीत बसून, तेच गाणं गात, दोघं वर चढायला बघतात. उड्डाण कमी पडतं. पुन्हा एकदा, अजून मोठ्यानं. तरी थोडं कमीच. शेवटच्या खेपेला गाडी काठावर पोचते, आनंद हर्षानं मागे वळते, आणि गाडीत तिच्याशिवाय कुणी नसतं. बिंग बाँगनं मधेच उडी टाकलेली असते. तो खाली दरीत आहे, हळूहळू पुसट होतोय, आणि ती पोचली म्हणून आनंदानं नाचतोय.