तीस बायका भरल्या तरच पाळणा

भांगलायला जाणारी बाई पोराला बांधावरच्या झाडाला झोळी करून निजवायची. रडलं तर चार सऱ्यांवरून ऐकू यायचं. ऊसतोडीच्या फडात आजही बैलगाडीच्या खाली अशी झोळी दिसते. हाल आहेतच, पण निदान काम आणि मूल एका रानात असतात.

राजर्षी शाहूंनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी उभारायला घेतली आणि शहराला भोंगा मिळाला. पाळी, डबा, चूल सगळं त्यावर. झोळी मात्र फाटकाबाहेर राहिली. १९१७ साली संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं. थोरली पोरं दिवसातले काही तास शाळेत बसू लागली. धाकट्याचं काय, हा प्रश्न आजीच्या ओटीत पडला.

बाळंतपणाच्या पगाराचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ सालचा, पण कोल्हापूर तेव्हा वेगळं संस्थानच होतं. ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ला आणि बरोबर महिन्याने, १ एप्रिलला, नवा कारखाना कायदा लागू झाला. त्याचं ४८वं कलम वाचण्यासारखं आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, उजेडाची खोली, सांभाळायला शिकलेली बाई, आईला अंगावर पाजायला सवड, सरकारने नियम केला तर फुकट दूधसुद्धा. फक्त कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त बायका हव्यात. १९७६ साली आकडा तीसवर आणला.

घोळ या मोजणीतच होता. तीनशे पुरुष आणि पंचवीस बायका असतील तर पाळणाघराची सक्ती नव्हती, कारण त्या तीनशेंतल्या बापांची मुलं कुणी धरलीच नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दहा-पंधरा हातांच्या वर्कशॉपची, म्हणजे इथल्या भाषेत शॉपची, तर गोष्टच सोडा. १९७५ साली अंगणवाडी योजना आली. पोषण, लसीकरण, गाणी-गोष्टी याला ती चांगली, पण ती काही तासांत सुटते आणि पाळी आठ तासांची असते.

मग पाळणाघर उगवलं ते कुणाच्या तरी सोप्यात. जुन्या लुगड्याचा पाळणा, भिंतीला ओळीने टांगलेल्या पिशव्या, प्रत्येकीवर मार्करने नाव. मावशी सात वाजता दार लावणार हे ठरलेलं. पण फौंड्रीत ओतकाम सुरू झालं की वितळलेलं लोखंड ‘उद्या बघू’ ऐकत नाही. साडेसात होतात, मावशी पोराला भात भरवते आणि महिनाअखेरीला त्याचे पैसे धरत नाही. ही सवलत कुठल्याच कलमात नाही.

२०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास कर्मचारी असले की पाळणाघर हवं असं ठरलं आणि या मोजणीत पुरुषही आले. मात्र दिवसातून चार वेळा मुलाला बघून यायची मुभा आईलाच. बाप मोजण्यापुरता!

राज्याच्या सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शनिवार मोकळा झाला, पण रोज सुटायला सव्वासहा. शाळा त्याच्या कितीतरी आधी सुटलेली असते. आणि ज्या घरात बापाच्या शॉपची सुट्टी सोमवारी, आईची रविवारी, तिथे सोमवारी सकाळी बाप पोराच्या बुटाची नाडी बांधतो, फाटकापर्यंत सोडतो आणि रिकाम्या घरी परत येतो.