डब्ल्यू की प्रभारित हिग्ज? टाऊला विचारा

सर्वात जड मूलकण टॉप क्वार्क तुटला. त्याहून हलका बॉटम क्वार्क निघाला, सोबत एक टाऊ (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि डिटेक्टरला चकवून जाणारा न्यूट्रिनो. या गडबडीत क्षणभर कोण येऊन गेलं? जवळपास नेहमीच डब्ल्यू बोसॉन, म्हणजे दुर्बल बलाचा प्रभारित वाहक. पण सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो, असं मांडणारा सिद्धांत) खरी असेल, तर हिग्ज कणाचा विद्युतभार असलेला भाऊ, प्रभारित हिग्ज, हाही हाच माग सोडून जाऊ शकेल.

२०१२ मध्ये सर्नला सापडलेला हिग्ज विद्युतदृष्ट्या उदासीन, १२५ जीईव्ही वस्तुमानाचा (जीईव्ही हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). स्टँडर्ड मॉडेलचं, म्हणजे मूलकणांच्या आजच्या प्रस्थापित सिद्धांताचं, तेवढ्यावर भागतं. सुपरसिमेट्रीत मात्र हिग्ज क्षेत्राच्या किमान दोन जोड्या लागतात: एक अप जातीच्या क्वार्कांना वस्तुमान देणारी, दुसरी डाउन जातीच्या क्वार्कांना आणि टाऊ, म्युऑन, इलेक्ट्रॉन या भावंडांना. घटक एकूण आठ. त्यांतले तीन डब्ल्यू-अधिक, डब्ल्यू-उणे आणि झेड या दुर्बल बलाच्या वाहकांनी गिळले, म्हणून हे वाहक जड झाले. उरले पाच, त्यांत दोन प्रभारित. म्हणजे डब्ल्यू आणि प्रभारित हिग्ज एकाच घरचे. घोळ व्हायचाच.

स्वभाव मात्र वेगळे. डब्ल्यूकडे पंक्तिप्रपंच नाही: इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ, प्रत्येकाच्या पानात साधारण ११ टक्के. हिग्ज वजन बघून वाढतो. टाऊ म्युऑनपेक्षा सुमारे १७ पट जड, आणि विघटनाचा दर वस्तुमानाच्या वर्गावर ठरतो. त्यामुळे टाऊला जवळपास २८० पट झुकतं माप. टॉपच्या विघटनांत टाऊ जास्त दिसले, की संशय घ्यायचा. अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन या कण-त्वरकावर हा कण कसा शोधता येईल, याचा हिशेब १९९१ मध्ये रोहिणी गोडबोले आणि डी. पी. रॉय यांनी मांडला होता.

पण डब्ल्यूंच्या गर्दीत थोडेसे जादा टाऊ मोजणं अवघड. मला सर्वात देखणी वाटते ती पुढची युक्ती. डब्ल्यूचा स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकी, १; हिग्जचा शून्य. न्यूट्रिनो मात्र दोन्हीकडे एकाच हाताचा, म्हणजे गतीच्या दिशेशी त्याच्या फिरकीचं नातं ठरलेलं. स्पिनचा हिशेब जुळवायचा तर दोघांकडून निघालेले टाऊ उलट्या हाताचे असावे लागतात. टाऊ लगेच फुटतो, पण त्याचे तुकडे चहाडी करतात. हिग्जकडून आलेल्या टाऊच्या जेटमध्ये (एकाच दिशेने उडणाऱ्या तुकड्यांच्या झोतात) बरेचदा एकटा प्रभारित पायॉन नावाचा हलका कणच ८० टक्क्यांहून जास्त संवेग घेऊन जातो. डब्ल्यूच्या टाऊत हे कमी घडतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले हेच रॉय आणि श्रीरूप रायचौधुरी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात या फरकावर आधारित निवड सुचवली. संवेगाच्या अशा वाटणीचा उपयोग सर्नच्या एलएचसी या त्वरकावरच्या शोधांतही झाला.

प्रभारित हिग्ज टॉपपेक्षा जड निघाला तर खेळ बदलतो. तो बहुधा टॉप-बॉटममध्येच तुटेल, आणि मग गफलत डब्ल्यूशी नाही, टॉपच्या जोड्यांसोबत सहज निघणाऱ्या बॉटम जेटांशी. तिथे काम किचकट, मौज कमी.

आजवर हाती काही नाही. एलएचसीच्या आधीच्या एलईपी या सर्नच्या त्वरकाने सुमारे ८० जीईव्हीपर्यंतचा पट्टा बहुतांशी पुसला. २०२३ मध्ये एलएचसीवरच्या ॲटलस प्रयोगाने चार्म-बॉटमच्या वाटेने, म्हणजे प्रभारित हिग्ज चार्म आणि बॉटम क्वार्कांत तुटतो असं धरून, शोध घेतला. वाट हुशारीची, कारण डब्ल्यू तिकडे हजारात एकदाही फिरकत नाही. १३० जीईव्हीपाशी तीन सिग्माचा उंचवटा दिसला (सिग्मा हे निव्वळ योगायोगापासूनच्या अंतराचं माप; शोध म्हणायला पाच लागतात). ही वाट सुपरसिमेट्रीच्या साध्या रूपापेक्षा तीन हिग्ज-जोड्यांच्या मॉडेलांना जास्त मानवते. आणि सगळ्या वस्तुमानांत धुंडाळल्याची भरपाई वजा केली, तर त्या तीन सिग्माचे अडीचच उरतात.