सर्फकास्टिंग : पुळणीवरून गरी दूर फेकण्याचे तंत्र

पुळणीवर उभे राहून काठी, रीळ आणि शिसे यांच्या साहाय्याने आमिष लावलेली गरी फुटत्या लाटांच्या पलीकडे पोचवण्याची पद्धत. काठी साधारण ३.६ ते ४.२ मी. लांब आणि शिसे ११० ते १७५ ग्रॅ. वजनाचे असते. आमिषासह १०० ते १५० मी. ही सरावलेल्या हाताची फेक समजावी. स्पर्धा गवताळ मैदानावर आमिषाशिवाय होतात व त्यांत उत्तम फेकणारे २५० मी.च्याही पुढे जातात. मैदानावरचे आकडे वाचून किनाऱ्यावरच्या फेकीचा अंदाज बांधू नये. आमिष, ओला तंगूस (गरीची दोरी) आणि समोरचा वारा मिळून त्यातला मोठा वाटा खातात.

इतिहास : अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील कटिहंक बेटावर १८६४ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाचे सभासद खडकांवर उभारलेल्या लाकडी मंचांवरून स्ट्राइप्ड बास हे मासे पकडत. किनाऱ्यावरून फेकीच्या मासेमारीला संघटित रूप आल्याच्या प्रारंभीच्या उदाहरणांत याची गणना होते. १९०५ मध्ये इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने स्थिर स्पूलच्या (फेकताना तंगुसाची फिरकी न फिरणाऱ्या) रिळाचे एकस्व घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर लिननच्या (जवसाच्या तंतूंच्या) दोरीची जागा नायलॉनच्या तंगुसाने घेतली आणि पुढे काचतंतूच्या व कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. १९६० च्या दशकात लेस्ली मॉनक्रीफ याने अंग मागे झुकवून फेकण्याची ‘लेबॅक’ शैली ब्रिटनमध्ये लोकप्रिय केली.

पेंड्युलम फेक (शिशाला आधी झोका देऊन करायची फेक) ब्रिटनमध्ये रुजली ती साधारणपणे १९७० च्या दशकात. तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. ती ब्रिटिश स्पर्धकांनी घडवली असे एक मत. शिशाला झोका देऊन फेकण्याचा प्रकार अमेरिकी स्पर्धांत आधीपासून होता व ब्रिटनमध्ये त्याला केवळ शिस्त आली, असे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण झोका ही कल्पना साधी आहे. अवघड आहे तो झोक्याचा शेवट आणि अंगाच्या वळणाचा आरंभ यांचा मेळ, आणि ब्रिटिशांचे काम त्या मेळावरच आहे.

लांबी कशातून येते : झोक्यामुळे काठी आधीच वाकते व तिच्यात ताकद साठते, म्हणून शिसे लांब जाते, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे अर्धेच खरे. मुख्य लाभ शिशाचा मार्ग लांबल्यामुळे होतो. हवेचा अवरोध नसता तर ४५ अंशांत २०० मी. जाण्यासाठी सेकंदाला सुमारे ४४ मी. वेग पुरला असता. प्रत्यक्षात ५० मी.हून अधिक लागतो. १५० ग्रॅ. शिशाला ५० मी. वेग ५ मी.च्या मार्गात द्यायचा तर सरासरी ३.८ किग्रॅ. भाराइतकी ओढ लागते, ८ मी.च्या मार्गात २.४ किग्रॅ. इतकीच. म्हणून दंडात जोर असलेला पण आखूड, झटक्याची फेक करणारा माणूस लांब व सावकाश वेग वाढवत नेणाऱ्या बारीक अंगाच्या माणसाच्या मागे पडतो.

शॉक लीडर (शिशाच्या अलीकडे जोडायचा जाड तंगुसाचा तुकडा) : दूरफेकीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. वर सांगितली ती केवळ सरळ ओढ झाली. शिसे वर्तुळाकार फिरत असल्याने आणखी ताण येतो : वरील शिसे सुमारे ६ मी. त्रिज्येत ५० मी. वेगाने फिरत असेल, तर सुटण्याच्या क्षणी तंगुसावर ढोबळमानाने ६.४ किग्रॅ. भार असतो. नेहमीचा ०.३५ मिमी. तंगूस सुमारे ७ किग्रॅ.ला तुटतो, गाठीपाशी त्याहून कमी भारात. म्हणून पुढे हा जाड तुकडा जोडतात. नियम असा : शिशाच्या दर औंसामागे (२८ ग्रॅ.) लीडरची ताकद १० पौंड. १५० ग्रॅ. म्हणजे ५.३ औंस, तेव्हा ६० पौंडांचा (२७ किग्रॅ.) लीडर, जाडी ०.७ ते ०.८ मिमी. लांबी इतकी की शिसे टोकापासून पूर्ण लोंबत असताना स्पूलवर लीडरचे सहा ते आठ वेढे राहावेत, ३.९ मी. काठीला ८ ते ९ मी. पुरतो. गाठ स्पूलच्या कडेला, अंगठ्यापासून दूर ठेवतात. मध्ये राहिली तर सुटताना अंगठा कापते. लीडरवरून बोट फिरवून तो तपासावा. खरखर लागली तर बदलावा. फेकताना लीडर तुटला तर शिसे कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो आणि त्या वेगात ते माणसाचा जीव घेऊ शकते. मागे किंवा कोणत्याही बाजूला माणसे असतील तेथे झोक्याची फेक करू नये.

जमिनीवरची फेक : शिकण्यास हीच आधी घ्यावी. उजव्या हाताने फेकणारा डावा खांदा समुद्राकडे करतो, कमरेतून मागे वळतो, काठीचे टोक वाळूजवळ आणतो आणि शिसे मागे वाळूवर तंगूस ताठ ठेवून मांडतो. मग नजर आधी वर, आभाळात ४५ अंशांवर. तिच्यामागून कंबर, खांदे आणि शेवटी हात. उजवा हात वर ढकलतो, त्याच वेळी डावा बरगडीकडे खेचतो. हात कमरेच्या आधी सुटले की फेक आखूड पडते.

पेंड्युलम : शिसे टोकापासून साधारण रिळाच्या उंचीपर्यंत लोंबते. पाय समुद्राकडे जवळजवळ पाठ होईल असे. काठीच्या ढकलीने शिसे बाहेर जाते. परतताना ते उजव्या बाजूने मागे व वर चढते. वर पोचून क्षणभर त्याचा भार नाहीसा होतो, तोच वळणाचा क्षण. आधी वळल्यास झटका बसतो. उशीर झाल्यास तंगूस सैल पडतो आणि शिसे वाळूवर आपटते.

रीळ : मल्टिप्लायर रिळाचा स्पूल स्वतः फिरतो. ३८ मिमी. व्यासाचा भरलेला स्पूल ५० मी. वेगाला मिनिटाला सुमारे २५,००० फेरे घेतो. शिसे हवेत मंदावते, पण स्पूल त्याच वेगात फिरत राहिला की तंगूस फुगून गुंता होतो. उपाय तीन : केंद्रोत्सारी ठोकळ्यांचे किंवा चुंबकांचे ब्रेक, किंचित दाट तेल, आणि कडेपासून १ ते २ मिमी. खाली थांबणारा भराव. गुंत्यांचे मूळ बहुधा फेकीच्या आरंभीच्या झटक्यात असते. ब्रेक कसत राहिल्याने केवळ लांबी घटते. स्थिर स्पूलच्या रिळात हा त्रास नाही. तिथे बेल आर्म (तंगूस स्पूलवर घेणारी तारेची कमान) मध्येच मिटणे हा धोका, आणि लीडर धरणाऱ्या बोटाला चामड्याची टोपी हवी.

आमिष : मोकळे फडफडणारे आमिष हवेत अडते आणि फाटते. म्हणून गरी शिशाच्या मागे क्लिपमध्ये अडकवतात. पाण्यावर आपटताच ती सुटते. जोराच्या प्रवाहात तारांचे काटे असलेले शिसे वाळूत रुतते.

प्रादेशिक प्रकार : नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरस येथे गर्दीत झोका शक्य नसल्याने अल्प हालचालीची पण जड वजनाची फेक रूढ आहे, सुमारे २२५ ग्रॅ. शिसे व माशाचा मोठा तुकडा लावून रेड ड्रम हा मासा पकडतात. दक्षिण आफ्रिकेत लांब काठी, बुंध्याजवळ बसवलेले रीळ आणि वाळूवरून उचललेले शिसे असा प्रघात आहे. जपानमध्ये ‘नागे-झुरी’त स्थिर स्पूल वापरतात; शिसे ‘गो’त मोजतात (१ गो = ३.७५ ग्रॅ.; ३० गो = ११२.५ ग्रॅ.) आणि क्रमाने बारीक होत जाणारा १३ ते १५ मी. लीडर ‘चिकारा-इतो’ लावतात. तेथील मुख्य मासा शिरोगिसु आपल्या मुडदुशीच्याच सिलागो या वंशातला, पण वेगळ्या जातीचा आहे.

कोकण किनाऱ्यावर तंगुसाला शिसे व गरी बांधून हाताने फिरवून फेकण्याची रीत जुनी. काठी व रीळ अलीकडचे. मंद उताराच्या पुळणीवर मुडदुशी पुष्कळदा पहिल्या लाटेमागच्या खोलगट पट्ट्यात, ३० ते ४० मी.वर चरते, तिथे १२० मी. फेकणारा माशांच्या डोक्यावरून पलीकडे टाकतो. ओहोटीला येऊन वाळूचे उंचवटे आणि खड्डे पाहून ठेवावेत, आणि भरतीला पहिली फेक जवळ टाकून मग लांबी वाढवावी.